पेंढ्याची लाल रेघ: बिझेनच्या एका पेल्याचं प्रकरण

माझा भाचा ओसाकाला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा चकल्यांच्या डब्याच्या बदल्यात त्याने साके प्यायचा एक छोटा पेला माझ्या हातात ठेवला. "आत्या, दुकानदार म्हणाला, यावर रंग नाही, ग्लेझचा काचेसारखा लेप नाही. नुसतं गवत गुंडाळून भाजलंय. खरं असेल का गं?"

खरं आहे, एवढं मला माहीत होतं. वीस वर्षं स्टोनवेअर, म्हणजे उंच आचेवर दगडासारखी टणक भाजलेली भांडी, करतेय; पेंढ्याने उमटणाऱ्या बिझेनच्या या लाल रेघांचं हिदासुकी हे नाव नवीन नव्हतं. पण त्याने पुढे "म्हणजे कसं?" असं विचारलं आणि माझी गाडी तिथेच अडली. पेंढ्यात पोटॅशियम असतं, ते मातीला लागतं, माती लाल होते: कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे एवढंच सांगतात, मीही शिकायला येणाऱ्यांना हेच सांगत आले. पण पोटॅशियमने लाल का व्हावं? पोटॅश फेल्डस्पार, म्हणजे पोटॅशियम असलेल्या खनिजाची पूड, मी रोज ग्लेझमध्ये घालते, किलोकिलोने. माझी एकही बशी त्याने लाल झालेली नाही.

तेव्हा आधी पेला नीट पाहिला. मूठभर आकाराचा, तळाशी थोडा जड. अंग मारी बिस्किटाच्या रंगाचं, कोरडं, खरबरीत. त्यावर तांबड्या रेघा: एक अगदी सरळ, काठापासून तळापर्यंत उतरलेली, दोन तिरक्या, आणि एका बाजूला तीन-चार रेघांचा गुंता. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली दोन गोष्टी दिसल्या. रेघेवर उजेड चमकत होता, आजूबाजूच्या मातीवर चमकत नव्हता. म्हणजे रेघ नुसता डाग नाही, तिथे काच आहे, अगदी पातळ. दुसरी गोष्ट म्हणजे रेघेची कड. कुंचल्याने ओढलेल्या रेघेला कड असते. इथे मधे गडद, मग नारिंगी, मग फिकट बदामी, मग माती, असा रंग बाहेर विरत गेला होता. गुंत्यात जिथे काड्या एकमेकींवर आल्या असाव्यात तिथे रंग लाल राहिलाच नव्हता, वांग्याच्या सालीकडे झुकला होता.

हे टिपण त्या पेल्याचं आहे. ती रेघ कोण काढतं, कशाने काढतं आणि (मला शेवटी यातच रस वाटू लागला) कधी काढतं.

पेंढा तिथे गेलाच कशाला

बिझेन हा जपानचा जुना प्रांत, आजच्या ओकायामा प्रीफेक्चरचा आग्नेय भाग. भट्ट्यांचं मुख्य गाव इंबे. सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, ताम्बा आणि बिझेन अशा सहा ठिकाणांना जपानमध्ये 'सहा प्राचीन भट्ट्या' म्हणतात. त्यात बिझेनचं वैशिष्ट्य हे की तिथल्या कुंभारांनी ग्लेझ लावलंच नाही. हट्ट म्हणून नव्हे, मातीच तशी होती. भातखाचरांच्या खाली २ ते ४ मीटरवर सापडणारी ही माती चिकट, काळपट, सेंद्रिय अंशाने भरलेली आणि लोहयुक्त असते. वाळताना आणि भाजताना ती एवढी आक्रसते की वर लावलेलं ग्लेझ तिच्याबरोबर आक्रसू शकत नाही, सुटून येतं. तापमान भराभर चढवलं तर भांडं फुगतं नाहीतर तडकतं. म्हणून लाल पाइनची लाकडं घालत दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडे, हळूहळू १२०० अंशांच्या वर न्यायचं. एवढं भाजल्यावर ती माती दगडासारखी होते, पाणी झिरपत नाही, ग्लेझची गरजच उरत नाही. बिझेनचा खल फेकला तरी फुटत नाही अशी तिकडे म्हणच आहे.

शोभेच्या वस्तू मुळात कमी. धान्याचे रांजण, पाण्याचे माठ, खल, साक्याच्या बाटल्या. इंबेच्या दक्षिणेला एका जुन्या सामायिक भट्टीचे अवशेष आहेत, तिची लांबी सुमारे ५४ मीटर. एवढी भट्टी पेटवायची म्हणजे डोंगराएवढं सरपण लागणार. मग आतली वीतभर जागासुद्धा रिकामी सोडणं परवडत नाही. रांजणात बाटली, बाटलीशेजारी पेला, ताटलीवर ताटली अशी रचाई होणारच.

आणि इथे अडचण येते. १२०० अंशांच्या वर मातीच्या अंगात काच सुटू लागते, पृष्ठभाग मऊ पडतो, आणि एकमेकांना टेकलेली दोन भांडी कायमची जोडली जातात. आपल्याकडच्या कुंभाराला ही अडचण येत नाही. त्याची भट्टी फार तर आठशे-नऊशेपर्यंत जाते, मडक्यावर मडकं बिनधास्त रचतो. तोही पेंढा वापरतो, पण जळण म्हणून आणि वरून झाकायला. आमच्या गावच्या कुंभारकाकांना मी पेला दाखवला तेव्हा ते म्हणाले, "असा डाग पडलेलं मडकं गिऱ्हाईक परत आणतं, ताई." त्यांच्या मडक्यावर पडतो तो डाग धुराचा, काळा. आठशे अंशांना पेंढा लाल रेघ काढूच शकत नाही. का, ते पुढे येईल.

इंबेत भांड्यांच्या मधे घालायला स्वस्त आणि भरपूर असं काय होतं? भाताचा पेंढा. माती खाचराखालची, पेंढा खाचरावरचा. भांडी त्याने गुंडाळली, मोठ्या भांड्यांच्या पोटात ठेवली. भट्टी उघडल्यावर भांडी सुटी निघाली, काम झालं. अंगावर लाल पट्टे उमटले होते ते वरकमाई. किमोनोच्या ढगळ बाह्या कामाच्या वेळी दोरीने पाठीवर आवळून बांधतात, त्या दोरीला तासुकी म्हणतात. लाल तासुकी, म्हणून हिदासुकी. सोळाव्या शतकात चहा-समारंभाच्या रसिकांना हे ओबडधोबड सौंदर्य आवडू लागलं आणि पॅकिंगचा डाग दाखवायची वस्तू झाला. नंतर गुळगुळीत, रंगीत पोर्सेलीनची चलती आली, बिझेन मागे पडलं. विसाव्या शतकात कानेशिगे तोयो यांनी त्या जुन्या काळच्या भाजणीचा पुन्हा माग काढला. १९५६ मध्ये त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला. आता तिथला कुंभार पेंढा ठोकून मऊ करतो, एकेक काडी मनासारखी बसवतो, आणि राख-ज्वाळा लागू नये म्हणून भांडं बंद डब्यात ठेवून भाजतो.

संशयित

लाल रंगासाठी लोह लागतं, याबद्दल वाद नाही. प्रश्न ते कुठून आलं.

पेंढ्यातून? भाताच्या काडीची राख म्हणजे जवळपास तीन-चतुर्थांश सिलिका, मग पोटॅशियम, आणि बाकी चिल्लर. लोह नगण्य. एवढ्याशा लोहाने बोटभर रुंद पट्टा रंगणार नाही. मातीत मात्र ते भरपूर आहे, ३ टक्क्यांच्या आसपास. पण मग उलटाच प्रश्न पडतो: लोह सगळ्या पेल्यात सारखं असताना लाल फक्त रेघच का? बाकीचा पेला बिस्किटाच्या रंगाचा का राहिला?

धुरातून? नाही. धुराने भांडं काळं-करडं होतं. हिदासुकी तर मोकळ्या हवेच्या, ऑक्सिजन भरपूर असलेल्या भाजणीतच खुलते.

मग पोटॅशियम. याच्याविरुद्ध माझी फेल्डस्पारची तक्रार होतीच. शिवाय काडी तीनशे-चारशे अंशांना जळून जाते. १२०० पर्यंत रेघ जागेवर धरून ठेवायला तिथे कुणीच नसतं. यातला दुसरा मुद्दा फारसा अवघड नाही. पेंढा जळतो, पण त्यातली सिलिका जळत नाही, काडीचा पांढरा सांगाडा फुंकर मारेपर्यंत तसाच पडून राहतो. बंद डब्यात फुंकर मारायला वारा नसतो. सांगाड्यातलं पोटॅशियम जिथल्या तिथे खाली मातीत उतरतं. डबा का लागतो, तेही यातच आलं.

पहिली तक्रार मात्र टिकून होती. ग्लेझ करणाऱ्याला एक गोष्ट हाताने माहीत असते: लोह काचेत विरलं की मधासारखा पिवळा-तपकिरी रंग देतं, लाल देत नाही. ग्लेझमधून लाल काढायचा तर लोह दहा टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं, म्हणजे काचेला ते पेलवत नाही आणि जास्तीचं लोह स्फटिक होऊन बाहेर पडतं. तो स्फटिक लाल असतो. इथे तर जेमतेम ३ टक्के. पोटॅशियमने काच होते हे मान्य, पण तेवढ्या लोहाला त्या काचेत विरून गप्प बसायला काय हरकत होती?

कुराशिकीची प्रयोगशाळा

इंबेपासून फार लांब नाही असं कुराशिकी शहर, तिथे विज्ञान आणि कला एकत्र शिकवणारं विद्यापीठ आहे. तिथल्या कुसानो योशिहिरो यांनी हा प्रश्न भट्टीतून उचलून प्रयोगशाळेत नेला. ओकायामाचे ताकादा जुन, घन पदार्थांच्या रसायनशास्त्रातलं मोठं नाव असलेले ताकानो मिकिओ वगैरे मंडळी त्यांच्याबरोबर होती, आणि २०१० मध्ये या सगळ्या कामाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मला त्यांची पद्धत आवडली, कारण ती कुंभाराच्या टेस्ट टाइलसारखीच (माती-ग्लेझ आजमावायच्या छोट्या चकत्यांसारखीच) आहे. बिझेन मातीच्या गोळ्या घ्यायच्या, वर पेंढा ठेवायचा, छोट्या विजेच्या भट्टीत हवेत तापवायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग तुकडा एक्स-रे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

पेंढ्याशिवाय तापवलेल्या मातीत काय होतं? माती १२०० च्या पुढे गेली की तिच्यात म्युलाइट नावाचे सुईसारखे स्फटिक वाढतात. ॲल्युमिना आणि सिलिका मिळून म्युलाइट होतं, आणि ते लोहही थोडंफार पोटात घेतं. बाकीचं लोह भोवतीच्या काचेत विरतं. लोह आहे, पण लपलेलं. म्हणून पेला बिस्किटाच्या रंगाचा.

पेंढ्याखाली गोष्ट वेगळी घडते. पोटॅशियम उतरतं, मातीचा वरचा थर सुमारे ५० मायक्रोमीटर खोलीपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, वितळून द्रव होतो. भिंगाखाली मला चमकलेली काच ती हीच. बिझेनला सगळे 'बिनग्लेझचं' म्हणतात, पण रेघेखाली ग्लेझ आहे, फक्त ते कुणी लावलेलं नाही, पेंढ्याने आणि मातीने जागेवर बनवलेलं आहे. या द्रवात म्युलाइट टिकत नाही. त्याऐवजी ॲल्युमिनाचे वेगळेच स्फटिक तयार होतात: कोरंडम. म्हणजे आपला कुरुंद, धार लावायच्या चाकातला. कोरंडम हा शब्दच इंग्रजीत दक्षिण भारतातून गेला. कुरुंदात क्रोमियमचा अंश आला की माणिक होतं, पण इथे माणिक-बिणिक काही नाही, नुसत्या सूक्ष्म षटकोनी पत्र्या.

इथपर्यंत रंग नाही. भट्टी शिखरावर आहे, रेघेच्या जागी पिवळसर द्रव आहे, त्यात कुरुंदाच्या पत्र्या तरंगतायत, म्युलाइटमधून सुटलेलं लोह विरलेलं आहे. आत्ता, या क्षणी, पेल्यावर लाल रंगाचा कणही नाही.

लाल येतो तो निवताना. द्रव थंड होऊ लागला की त्याला लोह पेलवेनासं होतं आणि ते हेमॅटाइट होऊन बाहेर पडायला जागा शोधतं. हेमॅटाइट म्हणजे गेरू. तुळशीवृंदावनाला सारवतो तो, तेच खनिज. आता कुरुंद आणि हेमॅटाइट या दोघांची स्फटिकरचना एकसारखी आहे, अणूंमधल्या अंतरात पाचेक टक्क्यांचा फरक. एकाच साच्याच्या दोन विटा, एक किंचित मोठी. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात. साखरेला धरायला काहीतरी लागतं, दोरा मिळाला की ती भराभर दाणा धरते. कुरुंदाची पत्री हा इथला दोरा. हेमॅटाइट आधी तिच्या कडांना चिकटतं, मग सगळ्या बाजूंनी. सावकाश निववलेल्या तुकड्यात तर अक्षरशः सँडविच दिसतं: खाली गेरू, मधे कुरुंद, वर गेरू.

माझ्या फेल्डस्पारच्या तक्रारीचं उत्तरही मला इथेच सापडलं. माझ्या ग्लेझमध्ये सिलिका भरपूर, कुरुंद होतच नाही. दोरा नाही, तर थोडं लोह पाकातच राहतं. ३ टक्क्यांचं लोह लाल होऊ शकतं, पण त्याला बसायला जागा करून द्यावी लागते. पोटॅशियम लाल करत नाही. पोटॅशियम जागा करून देतं.

कुंभारकाकांच्या आठशे अंशांना रेघ का उमटत नाही, तेही उघड झालं. तिथे द्रव नाही, कुरुंद नाही, काहीच नाही.

याच कामातून एक आडवाटेची गोष्ट निघाली, ती न सांगता राहवत नाही. भट्टीतला ऑक्सिजन कमी केला तेव्हा या मंडळींना लोह-ऑक्साइडचा 'एप्सिलॉन' नावाचा अतिशय दुर्मीळ प्रकार मिळाला, म्युलाइटच्या स्फटिकावर वाढलेला. हा प्रकार मोठ्या तुकड्यात टिकत नाही, फक्त अतिसूक्ष्म कणांत असतो, आणि चुंबक म्हणून भलताच चिवट असतो, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ त्याच्या मागे असतात. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१४ मध्ये चीनच्या फुजियान प्रांतातल्या जुन्या काळ्या ग्लेझच्या वाट्यांतही, ज्यांना जपानी लोक तेम्मोकू म्हणतात त्यांत, तोच प्रकार सापडला. सातशे-आठशे वर्षं लोक त्यातून चहा पीत होते.

माझी भट्टी

वाचून पटलं होतं, पण हातून गेल्याशिवाय मला काही कळत नाही. बिझेनची माती मिळणार नव्हती. आपली दख्खनची लाल माती एकटी वापरली तर बाराशेच्या आधीच फुगून-वितळून खाली बसते. मग बाजारात मिळणाऱ्या पांढरट स्टोनवेअर मातीत पाचवा हिस्सा लाल माती मळली. बारा टाइल, तळहाताएवढ्या. सोबत चार टाइल पोर्सेलीनच्या, म्हणजे लोह जवळपास नसलेल्या पांढऱ्या मातीच्या. पेंढा मावळातला, इंद्रायणीचा; ओला करून मोगरीने ठोकला, म्हणजे वळवताना मोडत नाही. भट्टीच्या फुटक्या शेल्फांचे तुकडे रचून डबा केला. शिखर १२३० अंश.

पहिल्या खेपेला शिखर गाठून अर्धा तास थांबले आणि नेहमीसारखी भट्टी बंद केली. माझी टेस्ट भट्टी लहान आहे, पहिल्या अर्ध्या तासातच तीनशे अंश उतरते. दुसऱ्या दिवशी उघडली तर रेघा होत्या, चमकत होत्या, आणि काकवीच्या रंगाच्या होत्या. तपकिरी. एखाद्या कडेला लालसर झाक, संशयाचा फायदा द्यावा इतकीच. पोर्सेलीनवर नुसती ओली-ओली चमक, फार तर बदामी छटा. म्हणजे पेंढा काच करतो, लोह देत नाही. हे अपेक्षित होतं.

दुसरी खेप अगदी तशीच, फक्त १२३० पासून ९०० पर्यंत तासाला साठ अंश या बेताने उतरवलं. साडेपाच तास जास्त वीज, आणि वीजबिल कोण भरतंय हे घरच्यांनी आठवण करून दिलं. सकाळी झाकण उचललं तेव्हा डब्याच्या फटीतूनच दिसलं. त्याच मातीवर, त्याच पेंढ्याखाली, तेच शिखर गाठून, रेघा लाल. पेल्याइतक्या शेंदरी नाहीत, माझी माती बिझेनची नव्हे. विटेच्या पावडरीसारख्या, पण निःसंशय लाल. दोन्ही खेपांच्या टाइल शेजारी ठेवल्या तर परक्या माणसाला वेगवेगळ्या मातीच्या वाटतील.

उरलेल्या टाइलवर मला पोटॅशियमची चौकशी करायची होती. काडीतलं पोटॅशियम बहुतेक सगळं पाण्यात विरघळतं. पावसात भिजलेला पेंढा खताला कमी पडतो असं शेतकरी म्हणतात, त्याचं हे एक कारण. मूठभर पेंढा दोन दिवस पाण्यात ठेवला, पाणी तीनदा बदललं, ते सगळं पाणी जमवून आटवत नेलं. शेवटी वाटीभर काळपट द्रव उरला, कोऱ्या चहासारखा, जिभेला खारट. धुतलेला पेंढा वाळवून एका टाइलवर ठेवला. दुसऱ्या टाइलवर पेंढा नाहीच, तो काळा चहा कुंचल्याने ओढला. तिसऱ्यावर न धुतलेला पेंढा, तुलनेला. भाजणी दुसऱ्या खेपेचीच.

न धुतलेल्यावर लाल रेघ. धुतलेल्या काडीखाली भुताटकीसारखी फिकट बदामी खूण, जवळपास काही नाही. आणि चहाच्या टाइलवर लाल! काडी नसताना. संशयित सापडला म्हणायला हरकत नाही. पण एक फरक मला टोचत राहिला. चहाची रेघ मेलेली होती. सगळीकडे सारखी, कड कापल्यासारखी, कुंचल्याची रेघ असते तशी. काडी मातीला कुठे टेकते, कुठे अधांतरी राहते, कुठे तिचं पेर येतं, आणि त्याप्रमाणे रेघ जाड-बारीक, गडद-फिकट होते. तो चढउतार चहात नव्हता. बाजारात हिदासुकी म्हणून मिळणाऱ्या काही स्वस्त वस्तू मला नेहमी रंगवल्यासारख्या का वाटतात, याचा एक अंदाज आला. अंदाजच, कुणाच्या भट्टीत मी डोकावलेले नाही.

जे अजून जमलं नाही

वांग्याच्या सालीचा रंग. पेल्यावर काड्यांच्या गुंत्यात तो आहे, माझ्या दुसऱ्या खेपेच्या एका टाइलवरही दोन काड्या एकमेकींवर पडल्या तिथे चण्याएवढा ठिपका जांभळट निघाला. गेरूबद्दल एक जुनी माहिती आहे: कण बारीक असले तर रंग शेंदरी-लाल, कण मोठे झाले की जांभळ्याकडे जातो. ओकायामाच्याच डोंगरात फुकिया नावाचं गाव आहे, तिथे पूर्वी गेरूचा लाल रंग बनवायचे, आणि त्या कारागिरांना हे चांगलं ठाऊक असणार. तेव्हा माझा तर्क असा की काड्या एकावर एक आल्या की पोटॅशियम जास्त उतरतं, द्रवाचा थर जाड होतो, तो जास्त वेळ द्रव राहतो आणि गेरूच्या दाण्याला मोठं व्हायला सवड मिळते. पण याच्या उलटही असू शकतं. द्रव जास्त म्हणजे लोह पातळ विखुरलेलं, मग दाणे लहान राहायला हवेत, आणि रंग उजळ.

यावर वाद घालण्यापेक्षा टाइल लावणं सोपं. चार टाइल केल्या: पहिलीवर एक काडी, दुसरीवर दोन एकावर एक, मग तीन, मग चार. एकाच पेंढीतल्या, एकाच जाडीच्या, दोऱ्याने न बांधता खडूसारख्या मातीच्या लहान गोळ्यांनी दाबून बसवलेल्या. भाच्याला फोटो पाठवला तेव्हा त्याने विचारलं, "आत्या, पाचवी का नाही?" डब्यात पाचवी मावत नव्हती, एवढंच.

भट्टी काल संध्याकाळी लावली. आत्ता काटा ६४० वर आहे. शंभराच्या खाली आल्याशिवाय झाकण उचलायचं नाही.